बेस गिटारचा पेडलबोर्ड: आवाजाची पातळी हातात कशी ठेवावी

भीमजयंतीचा गीतगायनाचा कार्यक्रम असो, नवरात्रातल्या दुर्गा-शारदा मंडळाचा ऑर्केस्ट्रा असो की महाविद्यालयाचे गॅदरिंग. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या बहुतेक स्टेजवर बेस गिटार वाजवणाऱ्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर मिळत नाही. साउंड बिछायत केंद्राचा किंवा साउंड सर्व्हिसवाल्यांचा असतो आणि तो आधीच लागलेला असतो. बेसवादक आपल्या पेडलबोर्डमधून एक वायर काढून देतो, ती मिक्सरला जाते, आणि पुढे मंडपातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जे ऐकू जाते ते या एका वायरीतून गेलेले असते.

म्हणून पेडल कोणते घ्यावे यापेक्षा पेडलांमधून बाहेर पडणारी पातळी किती आणि ती स्थिर आहे का, हा प्रश्न आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे. एक पेडल दाबले की बेस अचानक गायकाच्या अंगावर येतो, दुसरे दाबले की गायब होतो. मग साउंडवाले दादा फेडर खाली घेतात, पुढच्या गाण्यात पेडल बंद होते आणि बेस उरतच नाही. ढोलकीची घुमी, ऑक्टोपॅडचा किक आणि बेस हे तिघे खालच्या पट्टीत शेजारी राहतात. त्यात बेसची पातळी डोलायला लागली की गाण्याचा ठेकाच सैल वाटतो. पंचमदांची, म्हणजे आर. डी. बर्मन यांची, गाणी घ्या. टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी त्यांच्या ताफ्यात बेस वाजवला आणि तिथला बेस श्रोत्याच्या कानात पक्का बसला आहे. स्टुडिओत पातळी सांभाळायला ध्वनिमुद्रक बसलेला असतो. स्टेजवर ते काम आपल्याच पायाशी असलेल्या बोर्डाचे आहे.

या लेखातला मुख्य नियम एकच आहे: पेडल चालू असो वा बंद, आवाजाची पातळी तीच राहिली पाहिजे, वाढ हवी असेल तर ती एकाच ठिकाणी आणि ठरवून द्यावी. पुढचे सगळे हा नियम पाळण्यासाठी आहे.

आधी थोडे आकडे

आवाजाचा सिग्नल म्हणजे वायरीतला बदलता व्होल्टेज. माइकमधून येणारा सिग्नल काही हजारांश व्होल्टचा असतो. पॅसिव्ह बेस, म्हणजे आत बॅटरी नसलेला, साध्या वाजवण्यात व्होल्टच्या काही दशांश भागांइतका सिग्नल देतो आणि जोरात स्लॅप मारल्यावर त्याचे शिखर १ व्होल्टच्या आसपास जाते. बॅटरीवाला ॲक्टिव्ह बेस याहून बराच जास्त देऊ शकतो. व्यावसायिक लाइन पातळी १.२३ व्होल्ट धरली जाते. माइक, वाद्य आणि लाइन या तीन पायऱ्या लक्षात ठेवा. चुकीच्या पायरीवर वायर लावली की पुढे कोणताही नॉब फिरवून उपयोग होत नाही.

डेसिबलचा हिशेब सोपा आहे. ६ डेसिबल वाढले की व्होल्टेज दुप्पट, १२ वाढले की चौपट, २० वाढले की दहापट.

आता पेडलची क्षमता पाहा. ९ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या पेडलमध्ये सिग्नल मध्यापासून वर आणि खाली साडेचार व्होल्टपेक्षा जास्त हलूच शकत नाही; प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. समजा बेसचे शिखर १ व्होल्ट आहे आणि ईक्यूवर बेस १२ डेसिबल उचलला. ते शिखर ४ व्होल्टवर गेले, म्हणजे पेडलच्या छताला टेकले. ॲक्टिव्ह बेस असेल तर छत फुटलेच. त्या जागी आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मिक्सरवर कमी केला तरी फाटलेलाच राहतो. काही पेडल १८ व्होल्टवर चालतात आणि त्यांचे छत ६ डेसिबलने वर जाते, पण पेडलवर किंवा त्याच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच १८ व्होल्ट द्या. नाहीतर पेडल जळेल.

बेस ते पहिले पेडल

बेसवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून बोर्ड लावा. व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून पुढे पेडलवर आवाज वाढवला तर बेसचा सिग्नल लहान राहतो आणि वाटेतला खरखराट तेवढाच मोठा होतो. सिग्नल सुरुवातीलाच भरघोस आणि स्वच्छ असावा. ॲक्टिव्ह बेस असेल तर त्यावरचे बेस-ट्रेबल मधल्या खाचेत ठेवा आणि पहिले पेडल फाटत असेल तरच बेसचा व्हॉल्यूम थोडा कमी करा. अशा बेसची बॅटरी उतरायला लागली की जोराच्या स्वरांवर आवाज फाटतो, आणि दोष विनाकारण पेडलवर ढकलला जातो. कार्यक्रमांचा हंगाम सुरू होण्याआधी बॅटरी बदला.

पॅसिव्ह बेस वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पॅसिव्ह पिकअपला पुढे १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम इतका इनपुट रोध मिळाला की त्याचा आवाज मोकळा राहतो. बहुतेक पेडल तेवढा देतात. मिक्सरचा लाइन इनपुट मात्र साधारण १० ते २० हजार ओहमचाच असतो. बोर्डवरची सगळी पेडल ट्रू-बायपास, म्हणजे बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारी, असतील आणि सगळी बंद असतील, तर बेस थेट मिक्सरला लागतो आणि त्याचा आवाज लहान व मंद होतो. कोणतेही एक पेडल दाबले की आवाज एकदम वर येतो आणि आपण त्या पेडलचा लेव्हल नॉब फिरवत बसतो, पण दोष तिथे नसतो. उपाय असा की बोर्डवर एक बफर, म्हणजे बेस आणि पुढची वायर यांच्यामधला मध्यस्थ टप्पा, कायम चालू असावा. बॉसचा टीयू-३ हा ट्यूनर बंद असतानाही सिग्नल बफरमधूनच पुढे पाठवतो. असा एखादा ट्यूनर किंवा सतत चालू राहणारा प्रीॲम्प असला की पातळीची ही उडी संपते. लांब वायरीमुळे आवाजातली चमक जाते, तीही बफरमुळे टिकते.

एकेक पेडल सारख्या पातळीवर आणा

हे काम कार्यक्रमाच्या दिवशी करू नका. तालमीच्या खोलीत, निवांत, एका छोट्या मिक्सरवर करा. त्या मिक्सरवर पातळीचे दिवे आणि पीएफएलचे (फेडरच्या आधीची पातळी दाखवणारे) बटण मात्र असावे. स्वस्तातल्या पिवळ्या मल्टिमीटरचा या कामाला उपयोग नाही; त्याची एसीची सर्वांत लहान श्रेणीच सहसा २०० व्होल्टची असते आणि आपला सिग्नल १ व्होल्टच्या आसपास. मोबाइलवरची आवाज मोजणारी ॲपही फसवतात. त्यांत सहसा 'ए' भार वापरलेला असतो आणि तो ४० हर्ट्झजवळचा आवाज जवळपास ३५ डेसिबलने कमी दाखवतो. बेसच्या सुट्या ई तारेची वारंवारता ४१ हर्ट्झ आहे. जे मोजायचे तेच ते ॲप ऐकत नाही.

पद्धत अशी ठेवा. सगळी पेडल बंद करा. ज्या गाण्यात तुम्ही सर्वांत जोरात वाजवता त्याच्या आठ ओळी नेहमीच्या जोरानेच वाजवा. मिक्सरचा गेन असा लावा की दिवे शून्याच्या आसपास खेळतील आणि लाल दिवा लागणार नाही. डिजिटल मिक्सर असेल तर उणे १८ च्या आसपास ठेवा. ही तुमची मूळ पातळी. आता मिक्सरला हात लावू नका.

पहिले पेडल चालू करा. आधी त्याचा टोन, ड्राइव्ह, डेप्थ मनासारखे लावा आणि लेव्हल सर्वांत शेवटी. त्याच आठ ओळी पुन्हा वाजवा आणि लेव्हल असा फिरवा की दिवे पुन्हा त्याच जागी येतील. मग वाजवता वाजवताच पेडल चालू-बंद करा. आवाजाचा रंग बदलावा, उंची बदलू नये. ते पेडल बंद करून पुढचे घ्या. सगळी एकेकटी झाली की जी पेडल तुम्ही एकत्र दाबता त्या जोड्या तपासा, कारण एकेकटी बरोबर असलेली दोन पेडल एकत्र आली की कधी कधी पातळी वर जाते.

दिव्यांवर भिस्त ठेवायची एक मर्यादा आहे. फाटलेल्या आवाजाची शिखरे कापलेली असतात, त्यामुळे दिवे सारखे दिसले तरी कानाला ओव्हरड्राइव्ह मोठा वाटतो. तिथे शेवटचा निवाडा कानाने करा, तोही ढोलकी आणि कीबोर्ड सोबत वाजत असताना. जुळलेल्या जागा रंगीत मार्करने किंवा नेलपॉलिशच्या ठिपक्याने पेडलवर खूण करून ठेवा आणि बोर्डचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गाडीच्या डिकीतून आर्वीला जाऊन आलेल्या बोर्डवर नॉब सरकलेले असतात, ही धरून चालायची गोष्ट आहे.

कॉम्प्रेसर: किती आणि कशासाठी

कॉम्प्रेसर मोठे स्वर दाबतो आणि मग मेक-अप गेनने एकूण पातळी वर आणतो. ४:१ चे प्रमाण आणि जोरात वाजवल्यावर ३ ते ६ डेसिबलचा दाब ही बेससाठी चांगली सुरुवात आहे. जितकी पातळी दाबली तितकीच मेक-अपने परत द्या, त्याहून जास्त नको. मेक-अप बेसबरोबर खरखराटही वर आणतो.

वेळेचे नॉब बेससाठी वेगळे लावावे लागतात. ४१ हर्ट्झच्या स्वराची एक लाट पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून खूप वेगवान ठेवले तर कॉम्प्रेसर स्वराऐवजी प्रत्येक लाटेचा पाठलाग करतो आणि खालचे स्वर घोगरे होतात. अटॅक २० ते ५० मिलिसेकंद, रिलीज १०० च्या पुढे, इथून सुरू करा. बोटाचा पहिला ठोका मोकळा जातो आणि मागचा स्वर समान राहतो.

जी पेडल पातळीवर चालतात

ऑटो-वाह किंवा एन्व्हलप फिल्टर तुम्ही किती जोरात वाजवता त्यावर उघडतो. त्याच्या आधी कॉम्प्रेसर ठेवला तर सगळे स्वर सारखे होतात आणि फिल्टर एकाच जागी अडकतो. त्यामुळे हे पेडल कॉम्प्रेसरच्या आधी लावा. ऑक्टेव्हरचे उलट आहे. त्याला एक सुटा, भरीव, स्थिर स्वर लागतो. तो साखळीत लवकर ठेवा, आणि स्वर अडखळत असतील तर कॉम्प्रेसरच्या नंतर. सुट्या ई तारेच्या एक सप्तक खाली २०.६ हर्ट्झ येतात. बहुतेक स्पीकर ते नीट वाजवू शकत नाहीत. त्यांचा पडदा मात्र जोरात हलतो आणि ताकद वाया जाते. ऑक्टेव्हर डी आणि जी तारेवर वापरा. बोर्डच्या शेवटी लो-कट असेल तर तो ३५ ते ४० हर्ट्झवर लावून ठेवा.

ओव्हरड्राइव्हमध्ये गिटारसाठी बनलेली अनेक पेडल खालचे स्वर आधीच कापतात. मग बेस पातळ झाला म्हणून आपण लेव्हल वाढवतो आणि मधला करकरीत आवाज सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. बेससाठी असे पेडल निवडा ज्यात स्वच्छ आवाज मिसळायची सोय आहे. बॉसच्या ओडीबी-३ वर यासाठी बॅलन्स नावाचा नॉब आहे. स्वच्छ भाग खालचा पाया धरून ठेवतो, ड्राइव्ह वरची धार देतो, आणि पातळी उड्या मारत नाही.

आता ठरवून द्यायची वाढ. एखाद्या गाण्यात बेसचा तुकडा पुढे यायला हवा असेल तर साखळीच्या शेवटी, ड्राइव्हच्या नंतर, ३ ते ४ डेसिबलचा एकच बूस्ट ठेवा. ड्राइव्हच्या आधी ठेवला तर आवाज मोठा न होता जास्त फाटतो. हा बूस्ट साउंडवाल्या दादांना आधी सांगून दाखवा.

घरचा ईक्यू स्टेजवर चालत नाही

माणसाच्या कानाला हळू आवाजात खालचे स्वर कमी ऐकू येतात. घरी, रात्री, हेडफोनवर किंवा छोट्या स्पीकरवर सराव करताना आपण बेसचा नॉब वर नेतो आणि ते बरोबर वाटते. तोच बोर्ड मंडपातल्या मोठ्या स्पीकर-बिनवर गेला की खालचा सगळा भाग धबधबत बाहेर येतो. स्टेजसाठी ईक्यू सपाट ठेवून सुरुवात करा आणि जास्त असेल ते कापा. २०० ते ३०० हर्ट्झमधला गुबगुबाट २-३ डेसिबलने कमी केला की बेस स्पष्ट होतो आणि पातळी वाढवायची गरजच राहत नाही.

मल्टि-इफेक्ट वापरणाऱ्यांसाठी हाच नियम पॅचला लागतो. कंपनीचे तयार पॅच एकमेकांच्या पातळीला नसतात. दुकानात छाप पडावी असे ते लावलेले असतात. कार्यक्रमाला लागणारे चार-पाचच पॅच निवडा, वरच्या पद्धतीने प्रत्येकाची पॅच लेव्हल जुळवा आणि सेव्ह करा. मास्टर व्हॉल्यूम एका जागी खूण करून ठेवा.

वीज आणि घरघर

आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या घरातला जी स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे विजेची घरघर बेसच्या खालच्या स्वरांमध्येच बसते. ईक्यूने ती कापायला गेलात तर बेसच कापला जातो. ती मुळातच रोखावी लागते.

एकाच अडॅप्टरवरून साखळी करून अनेक पेडल चालवली, विशेषतः त्यात डिजिटल पेडल असतील, तर शिट्टी आणि घरघर वाढते. प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय हा बोर्डावरचा सर्वांत उपयोगी खर्च आहे. प्रत्येक पेडलला लागणारे मिलिॲम्पिअर बघा आणि सप्लायची क्षमता त्याहून जास्त ठेवा. कीबोर्डवाल्या मित्राचा अडॅप्टर उसना घेऊन लावू नका. यामाहाच्या अनेक कीबोर्डचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आणि मध्ये धन असलेला असतो, तर बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि मध्ये ऋण लागते. पिन बसते, पण पेडल जाते.

मंडपातली वायरिंग तात्पुरती असते, कधी जनरेटरवर असते. घरघर थांबवण्यासाठी अडॅप्टरची किंवा बोर्डची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. माइकला ओठ लागल्यावर तारांमधून झिणझिण्या आल्या तर वाजवणे तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा. जिवापुढे कार्यक्रम मोठा नाही.

मिक्सरला काय द्यायचे

सर्वांत चांगला मार्ग डीआय बॉक्सचा. तो बोर्डच्या सिग्नलला बॅलन्स करून कॅनन पिनच्या वायरीतून माइक पातळीवर मिक्सरला पाठवतो, त्यामुळे लांब वायरीतही घरघर शिरत नाही. डीआयवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते. ते फक्त आवाजाच्या वायरीची जमीन तोडते, विजेची अर्थिंग तशीच राहते. घरघर काढायचा हा सुरक्षित मार्ग आहे. सिग्नल जास्त असेल तर डीआयवरचे पॅड दाबा. ते सहसा २० डेसिबल कमी करते.

डीआय नसेल आणि पी-३८ पिनच्या साध्या वायरीने जावे लागले, तर ती लाइन इनपुटला लावा आणि वायर शक्य तेवढी आखूड ठेवा. गावातल्या लहान कार्यक्रमात मिक्सर नसून आहुजासारखा एकच पीए ॲम्प्लिफायर असू शकतो. त्याचे माइक इनपुट हजारांश व्होल्टसाठी बनलेले असतात. पेडलबोर्ड तिथे लावला की पहिल्याच टप्प्यावर आवाज फाटतो आणि व्हॉल्यूम कमी करूनही फाटलेलाच राहतो. तिथे ऑक्स किंवा लाइन इनपुट मागा. स्पीकरकडे जाणाऱ्या टर्मिनलची वायर पेडलकडे कधीही आणू नका. तिथला व्होल्टेज पेडलच्या झेपण्याबाहेरचा असतो.

साउंडचेकची दहा मिनिटे

ध्वनिक्षेपकाला रात्री १० नंतर मनाई आहे; ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. त्यामुळे कार्यक्रम वेळेत सुरू करायची घाई असते आणि साउंडचेक आटोपता घेतला जातो. मिळालेल्या वेळात पुढील क्रम पाळा.

१. चॅनेल म्यूट असताना वायर लावा. पॅसिव्ह डीआय असेल तर ४८ व्होल्टचा फँटम बंद आहे का ते विचारा. ॲक्टिव्ह डीआय त्यावर चालत असेल तर चालू करायला सांगा.

२. सर्वांत मोठा आवाज देणारे पेडल किंवा पॅच चालू करून जोरात वाजवा. दादांनी गेन याच आवाजावर लावावा.

३. मग सगळे बंद करून साधा आवाज वाजवा. तालमीत पातळी जुळवली असेल तर त्यांना गेनला पुन्हा हात लावावा लागणार नाही.

४. बूस्ट एकदा दाबून दाखवा आणि तो कोणत्या गाण्यात येणार ते सांगा.

५. ढोलकी आणि ऑक्टोपॅडसोबत एक अंतरा वाजवा. बेस कमी वाटला तर तो मिक्सरवर वाढवून घ्या, बोर्डवर नाही.

६. मॉनिटरमध्ये बेस ऐकू येत नसेल तर मॉनिटरचा सेंड मागा. स्वतःला ऐकू यावे म्हणून पेडलवरचा लेव्हल वाढवला की तो मंडपभर वाढतो.

एकदा गेन लागला की कार्यक्रमभर बेसचा व्हॉल्यूम आणि पेडलचे लेव्हल नॉब जागचे हलवायचे नाहीत. हळू वाजवायचे तेव्हा बोटांनी हळू वाजवा. पातळीचा सर्वांत बारीक नियंत्रक शेवटी उजवा हातच आहे, आणि रोजच्या सरावात त्याच्यासाठी पाच मिनिटे काढावीत: एकच स्वर आठ मात्रा अगदी सारख्या जोराने वाजवायचा आणि मिक्सरचे दिवे हलतात का ते पाहायचे.

यातले बरेचसे काम बिनखर्चाचे आहे. पेडल जुळवायला एक निवांत दुपार आणि मित्राचा मिक्सर पुरतो. नवे पेडल घ्यायला नागपूरला जाण्याआधी आहे तो बोर्ड या पद्धतीने लावून पाहा. चार साधी पेडल एका पातळीवर आली की साउंडवाले दादा तुमचा फेडर एकदा लावून बाकीच्या वादकांकडे लक्ष देऊ शकतात, गायकाला पायाखाली ठाम सूर मिळतो आणि ढोलकीवाल्याला मोकळी जागा. बेसवादकाने आपल्या ताफ्याला द्यायची सर्वांत मोठी मदत हीच आहे, आणि ती पुढच्या तालमीपासूनच देता येते.